पाहुण्यांची बंदूक

तर ओमुरझाक बंदुकीला चरबी पाजत बसला होता, इथं आपण थांबलो होतो. ही चरबी साधी नव्हे. मेंढ्याच्या मागच्या अंगाला उशीएवढी लोंबते ती. मंद आचेवर कढवायची, तीनदा फडक्यातून गाळायची आणि कोमट असतानाच तिच्यात बंदुकीचा चामडी वायसर बुडवून ठेवायचा. सायकलच्या पंपात असतो ना, तसाच वायसर, फक्त जाडजूड. तेवीस वर्षं पेटाऱ्यात पडून तो वाळलेल्या जर्दाळूसारखा आक्रसला होता. एक दिवस, एक रात्र चरबी प्याला की फुगतो, मऊ पडतो, आणि नळकांड्यात बसवला की पुन्हा हवा धरतो. बाटलीतलं तेल ओतलेलं ओमुरझाकला खपत नसे. जास्तीचं तेल दट्ट्याच्या दाबानं आतल्या आत पेटतं, बंदूक धूर ओकते आणि छर्रा कुठल्या कुठं जातो.

शाळेची मुख्याध्यापिका सुलायका रोज डोकावून जायची. चरबीचं पातेलं बघून ती म्हणाली, "आके, तुम्ही तर यांना बाळंतिणीसारखं खाऊपिऊ घालताय."

"बाळंतीण चाळीस दिवसांत उठते, पोरी," ओमुरझाक म्हणाला. "या तेवीस वर्षं पडून आहेत."

ओमुरझाकचं वय तेव्हा एकोणसत्तर. सगळं ताल्दी-बुलाक गाव त्याला आके म्हणायचं, म्हणजे थोरला भाऊ. तरुणपणी फौजेत शस्त्रं दुरुस्त करायचा, मग गावच्या नेमबाजी क्लबात शस्त्रखोलीच्या किल्ल्या सांभाळायचा. सोव्हिएत राज्य गेलं तसा क्लबही गेला. तेव्हा त्यानं सोळाच्या सोळा छऱ्याच्या हवाई बंदुका जाड तपकिरी ग्रीस थापून, मेणकागदात गुंडाळून दोन पेटाऱ्यांत भरल्या आणि शाळेच्या तळघरात कोळशाशेजारी ठेवून दिल्या. पुढं शिवणयंत्रं, कुलपं, दुधाची साय काढायची यंत्रं दुरुस्त करून पोट भरलं. आता शाळेत पुन्हा नेमबाजी सुरू व्हायची होती. पेटारे बाहेर निघाले आणि म्हातारा दहा वर्षांनी लहान झाला.

त्याची पद्धत ठरलेली. बंदूक स्वतःच्या हातानं रिकामी करून ठेवलेली असो, आधी नळी बिजागरीवर खाली मोडून बघायची आणि आरपार गज घालायचा. मग रॉकेलच्या चिंध्यांनी ग्रीस काढायचं. मग शिकंज्यात धरून खीळ काढायची आणि स्प्रिंग हळूहळू सैल सोडायची, नाहीतर ती छातीत बसते. स्प्रिंग काचेवर लोळवून बघायची, वाकली असेल तर ती थबकत थबकत लोळते. मग वायसर. आणि सगळ्यात शेवटी खटका. ताणलेला दट्ट्या ज्या इवल्याशा पोलादी दातावर अडून राहतो तो खटका. चाप ओढला की दात सरकतो आणि दट्ट्या सुटतो. सगळी बंदूक त्या दातावर. तो ओमुरझाक भिंग लावून बघायचा, घड्याळजी बघतो तसा.

नऊ नंबरच्या नळीत कोळ्यानं घर केलं होतं, तीन नंबरचा दस्ता चिरला होता. बाकी बऱ्या होत्या. चार दिवसांत पंधरा झाल्या. राहिली अकरा नंबर. म्हणजे बघा, दहानंतर त्यानं बारा घेतली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही असं तो स्वतःला सांगत होता.

अकरा नंबरला गावात पाहुण्यांची बंदूक म्हणत. इकडे पाहुणा आला की मेंढ्याचं डोकं त्याच्या पुढ्यात, जावई आला की छातीचा तुकडा त्याच्या ताटात. तसं क्लबात आला की अकरा नंबर त्याच्या हातात. नव्या बंदुकांचे चाप फार जड. दोन बोटांनी ओढावे तेव्हा कुठं उडायच्या, आणि ओढता ओढता नेम हलायचा. पाहुण्याचा नेम हुकला तर लाज यजमानाची. म्हणून एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात ओमुरझाकनं अकरा नंबरचा खटका काढला आणि दोन संध्याकाळी बारीक दगडावर घासला. चाप असा हलका झाला की लोण्यातून केस ओढावा. जिल्ह्याचा साहेब आला, पाचापैकी पाच छर्रे कागदावरच्या काळ्या वर्तुळात मारले आणि बंदुकीचा मुका घेतला. ओमुरझाकची छाती इतकी फुगली की बायको म्हणाली, "बटणं सांभाळा, मला पुन्हा शिवायला लावू नका."

त्याच वर्षी शरदात त्याची धाकटी बहीण अनारकुल हिचं लग्न झालं. नवरा बेयशेन, सत्तावीस वर्षांचा, हसरा, जरा मिरवणारा. पाचव्या आठवड्यात जावई सासरी जेवायला आला. जेवण झालं, वोडकाचे दोन पेले झाले, आणि सगळे क्लबात गेले. जावयाच्या हातात अर्थात अकरा नंबर. अनारकुल दहा मीटरवर नेमाचा नवा कागद टांगायला गेली. ती पुढं असताना बेयशेननं छर्रा घालायला नको होता. ते त्यानं कधीच नाकारलं नाही. छर्रा घातला आणि ऐट म्हणून एका हातानं झटक्यात नळी मिटली. अनारकुल कागद टांगून वळली होती. बंदूक उडाली. तिचा डावा डोळा गेला.

बेयशेन म्हणत राहिला, मी चापाला बोट लावलं नव्हतं. लोक म्हणाले, बायकोला घाबरवायला गंमत केली, आता कबूल करायला जीभ रेटत नाही. सगळं एका गोष्टीवर येऊन थांबलं: चाप न ओढता ती बंदूक उडू शकते की नाही? हे सांगणारा गावात एकच माणूस. पोलिस अधिकाऱ्यानं बंदूक ओमुरझाकसमोर टेबलावर ठेवली, स्क्रू-ड्रायव्हर ठेवला, कोरा कागद ठेवला आणि स्वतः बाहेर सिगरेट ओढायला गेला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा कागदावर लिहिलेलं होतं: "बंदूक क्रमांक अकरा उघडून तपासली. खटका निर्दोष. चाप ओढल्याशिवाय उडणे अशक्य." खाली सही.

बंदूक उघडलेली नव्हती. आपल्या हातची बंदूक, आपण घासलेला खटका, त्यात काय बघायचं, असं ओमुरझाक तेव्हा मनाशी म्हणाला. आणि पुढं सव्वीस वर्षं तेच म्हणत आला.

बेयशेनला दीड वर्षाची सजा झाली. दवाखान्यात डोक्याला पट्टी बांधलेल्या अनारकुलनं भावाला एकदाच विचारलं, आपोआप उडू शकते का रे? तो म्हणाला, बंदूक आपोआप उडत नाही. तिथंच तिचा संसार संपला. ती भावाकडे राहायला आली. कैद्यांच्या वसाहतीतून नवऱ्याची पत्रं आली, ती तिनं न फोडता चुलीत घातली. वहिनी वारल्यावर घर तिनंच चालवलं. बेयशेन सुटून आला आणि वरच्या कुरणांवर लोकांच्या मेंढ्या राखू लागला. पुन्हा लग्न नाही. बायकोचा डोळा फोडणाऱ्याला पोरगी देणार कोण? आणि मेंढपाळ असून हा गडी बंदूक हातात धरत नाही, दर हिवाळ्यात लांडगे मेंढ्या नेतात आणि हा कुत्र्याच्या जिवावर बसतो, म्हणून लोक हसायचे. ओमुरझाकही हसला होता एकदोनदा.

तर त्या मंगळवारी सकाळी, दुसरं काही करायला उरलं नाही तेव्हा, त्यानं अकरा नंबर शिकंज्यात धरली.

गज घातला, ग्रीस काढलं, स्प्रिंग काढली. स्प्रिंग उत्तम होती. वायसर चरबीत सोडला. मग खटका तळहातावर घेऊन तो खिडकीशी गेला आणि भिंग लावलं.

पोलादाला पाणी देतात ते आरपार जात नाही. दुधावर साय धरते तसं वरवर कडक होतं, आत लोखंड मऊच असतं. ही साय नखाएवढीही जाड नसते. दाताच्या दोन्ही कडांना ती साय तशीच होती, काळपट, कडक. मधोमध नव्हती. मधोमध दगडानं ती पार खाऊन टाकली होती, आणि खालचं मऊ लोखंड पाच-सहाशे बारांत झिजून नदीतल्या गोट्यासारखं गोल झालं होतं. त्यावर दगडाचे चरे अजून दिसत होते. डावीकडे झुकलेले. ओमुरझाक डावखुरा. ताल्दी-बुलाकमध्ये असे चरे काढणारा दुसरा हात नव्हता.

तरी त्यानं बंदूक जोडली. वायसर नीट भिजला नव्हता, पण खटका बघायला तेवढं पुरे होतं. गाद्यांच्या वळकटीवर नेम धरून, बोट चापापासून लांब ठेवून त्यानं नळी हळूच मिटली. काही झालं नाही. पुन्हा ताणली, छर्रा घातला, झटक्यात मिटली. बंदूक उडाली. पाच वेळा केलं, तीन वेळा उडाली.

हाताशी पत्र्याचा डबा होता, क्लबातून आणलेल्या सुट्या भागांचा. त्यात कागदात गुंडाळलेले चार कोरे खटके. एक बसवायला पाच मिनिटं लागली असती. जुना चुलीतल्या राखेत टाकला असता की झालं. बंदूक शाळेत गेली असती, पोरं खुश, सुलायका खुश. त्यानं बंदूक पुन्हा खोलली. जुना खटका काढला, नवा डब्यातून काढला, दोन्ही तळहातावर ठेवले. आणि तेवढ्यात अनारकुल चहाचं वाडगं घेऊन आत आली.

ती एकोणपन्नास वर्षांची होती, अंगानं किरकोळ, डोक्याचा रुमाल डाव्या बाजूला जरा खाली ओढलेला. तिनं विचारलं, ही अजून उघडीच कशी? तो म्हणाला, अकरा नंबर आहे. ती म्हणाली, दाखव.

"तुला काय कळणार त्यातलं?"

"एका डोळ्याला कळायचं तेवढं कळेल. दाखव."

त्यानं दाखवलं. भिंग दिलं, आणि शेतकऱ्याला यंत्र समजावून सांगावं तसं सांगितलं. साय, मऊ लोखंड, चरे, झटका. उन्हाळ्यातल्या त्या दोन संध्याकाळी सांगितल्या. पाचापैकी तीन वेळा, हेही सांगितलं. सांगताना तो बहिणीकडे बघत नव्हता, खटक्याकडे बघत होता.

ती रडली नाही. तिनं त्याच्या तळहातावरून नवा खटका उचलला आणि आपल्या एप्रनच्या खिशात टाकला.

"जुनाच बसव," ती म्हणाली. "होता तसा." आणि कोट आणायला गेली.

सुलायकाकडे जुनी गाडी होती. अकरा नंबर पोरांना देता येणार नाही आणि का, हे ओमुरझाकनं तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिनं गाडीची किल्ली घेतली. वर बेयशेनच्या हिवाळी गोठ्यांपर्यंत तासभर रस्ता, मार्चातला, म्हणजे अर्धा बर्फ आणि अर्धा चिखल. ओमुरझाक मांडीवर बंदूक आडवी ठेवून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. मला खात्री होती, बेयशेन. माझ्या हातावर माझा विश्वास होता, बेयशेन. गाडी ओढ्यात शिरली तेव्हा मागून अनारकुल पहिल्यांदा बोलली.

"पत्रं किती आली होती रे? दोन की तीन?"

"दोन."

"दोनच," ती म्हणाली.

बेयशेन गोठ्याच्या दारात गुडघ्यावर बसला होता. मेंढ्या विण्याचे दिवस. त्याचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखले होते. समोर मेलेलं कोकरू होतं आणि तो त्याचं कातडं सोलत होता. बाजूला दुसरं कोकरू थरथरत उभं होतं, त्याची आई रात्रीच मेली होती. मेलेल्याचं कातडं जित्याच्या अंगावर चढवलं की मेलेल्याची आई वास घेते, आपलंच समजते आणि पाजते. ते काम थांबवता येत नाही, कातडं गार व्हायच्या आत व्हावं लागतं. त्यानं मान वर करून तिघांकडे बघितलं. अनारकुलवर त्याची नजर जरा थांबली. मग पुन्हा सुरी चालू.

"सव्वीस वर्षांनी सासरवाडी आली," तो म्हणाला. "बसा म्हटलं असतं, पण बसायला शेण आहे."

सुलायका गाडीशी थांबली. ओमुरझाक उभ्या उभ्याच बोलला. वाटेत जुळवलेलं काही आठवलं नाही. खटका मी घासला होता, एवढंच त्याला नीट म्हणता आलं. बेयशेननं कोकराचे पाय एकेक करून त्या ओल्या कातड्याच्या भोकांतून ओढून घेतले, पोटाखाली दोरा बांधला आणि ते मेंढीकडे ढकललं. मेंढीनं हुंगलं, एकदा ढुशी दिली, पुन्हा हुंगलं. मग पाजायला स्थिर उभी राहिली.

"उडवून दाखव," बेयशेन म्हणाला.

ओमुरझाकनं शेणाच्या ढिगाकडे तोंड करून नळी झटक्यात मिटली. बंदूक उडाली. कुत्रा गोठ्यामागं पळाला. परत, बेयशेन म्हणाला. दुसऱ्या वेळी नाही उडाली. परत. तिसऱ्या वेळी उडाली. मग बेयशेन उठला, बर्फानं हात घासले, कोटाला पुसले आणि बंदूक मागितली. ती हातात घेताना त्याचा खांदा थोडा मागं गेला, तापल्या तव्याला हात लावताना जातो तसा. त्यानं ताणली, छर्रा घातला. उजव्या हाताची तर्जनी सरळ बाहेर काढली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि डाव्या हातानं नळी मिटली. त्या दिवशी मिटली होती तशीच, ऐटीत.

बार झाला. शेणाच्या ढिगाला बारीक भोक पडलं. त्याचं बोट तसंच हवेत ताठ राहिलं होतं.

"बघितलंस?" तो फक्त अनारकुलला म्हणाला.

"बघितलं," ती म्हणाली.

बंदूक भिंतीला टेकवून तो उंबऱ्यावर बसला. त्रेपन्नाव्या वर्षी तो ओमुरझाकपेक्षा म्हातारा दिसत होता. ओमुरझाक म्हणाला, मी उद्या जिल्ह्याला जातो, सगळं लिहून देतो, सही करतो. बेयशेनला हसू आलं. कुणाला लिहून देणार, त्यानं विचारलं. तो अधिकारी कधीच मेला, न्यायाधीश मेला, आणि ज्या देशानं सजा दिली तो देशसुद्धा मेला. आता कागद काय थडग्यावर ठेवणार?

आतून कोकरू चुटुचुटु पिण्याचा आवाज येत होता. अनारकुल गोठ्याच्या कठड्याला धरून तिकडेच बघत उभी होती.

"एक सांग, आके," बेयशेन म्हणाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्याला आके म्हटलं. "घासलास ते सोड. ते तू पाहुण्याच्या मानासाठी केलंस, मलाही ती बंदूक आवडली होती. पण कोर्टात माझ्यासमोर तुझा कागद वाचला. उघडून तपासली, असं त्यात होतं. काय बघितलंस उघडून?"

ओमुरझाकनं मान हलवली. उघडलीच नव्हती, तो म्हणाला.

अनारकुल वळली. हे तिलाही ठाऊक नव्हतं. सकाळी त्यानं सगळं सांगितलं होतं, एवढंच राहिलं होतं.

"स्क्रू-ड्रायव्हर समोर होता," बेयशेन म्हणाला. आवाज चढला नव्हता, खरंच समजून घ्यायचं असावं तसा तो विचारत होता. "अर्धा तास होता तुझ्याकडे. का नाही उघडलीस?"

खात्री होती म्हणून, हे उत्तर ओमुरझाकच्या ओठांवर तयार होतं. सव्वीस वर्षं तेच दिलेलं होतं त्यानं, स्वतःला. त्यानं बहिणीकडे बघितलं, मग बेयशेनकडे.

"उघडली असती तर दिसलं असतं, बेयशेन. म्हणून नाही उघडली."